पॉइंट नसलेल्या सैन्यांचा डाव दर वेळी एकतर्फी होतो, तेव्हा काय तपासायचं

तक्रार ठरलेली असते. दोघं टेबलावर छोट्या मॉडेलची आपापली सैन्यं मांडतात, दुसऱ्या फेरीत निकाल कळून चुकतो, आणि पुढचा तासभर एकजण नुसता मेलेली माणसं उचलून डब्यात ठेवत बसतो. पुढच्या रविवारी थोडी अदलाबदल होते, निकाल तोच. मग कुणीतरी म्हणतंच, "आपल्याकडे पॉइंट नाहीत ना, म्हणून हे होतं."

पॉइंट म्हणजे नियमांच्या पुस्तकात प्रत्येक मॉडेलला लावलेला भाव; दोघांची बेरीज सारखी ठेवली की सैन्यं तोलाची मानायची. इंदूरच्या आमच्या टोळक्यात पॉइंट वापरायची सोयच नाही. एकाकडे बाहेरून मागवलेले प्लास्टिकचे घोडेस्वार आहेत. दुसऱ्याने ओळखीतल्या कुणाच्या थ्रीडी प्रिंटरवर गोब्लिन, म्हणजे परीकथेतले खुजे राक्षस, काढून आणलेत. आणि ड्रॅगन म्हणजे राजवाड्याजवळच्या खेळण्यांच्या दुकानातला रबरी डायनासोर, पुठ्ठ्याचे पंख लावून काळा रंगवलेला. नियम चार ठिकाणांहून उचललेले. यातल्या कुणाला कुठल्या पुस्तकातला भाव लावणार? तुमचंही सामान असंच मिश्र असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे. एकाच कंपनीचं सैन्य आणि तिचेच नियम असतील, तर तिचे छापील पॉइंट वापरा आणि मोकळे व्हा.

पॉइंटशिवाय खेळ चालतच नाही, असं मात्र नाही. १९९० साली आलेल्या 'डी बेल्लिस अँटिक्विटाटिस' या प्राचीन लढायांच्या खेळात प्रत्येक सैन्याला सरळ बारा तुकड्या मिळतात, भाव-बिव काही नाही, आणि लोक तो अजून खेळतात. उलट 'वॉरहॅमर एज ऑफ सिग्मार' हा काल्पनिक सैन्यांचा खेळ जुलै २०१५ मध्ये चार पानी नियमांसह पॉइंटविना आला, आणि पुढच्याच वर्षी कंपनीला पॉइंट छापावे लागले. बारा तुकड्यांच्या खेळात कुणीही एकटा बाकीच्या अकरांना पुरून उरत नाही. काल्पनिक सैन्यांत एकीकडे आग ओकणारा राक्षस असतो आणि दुसरीकडे लाकडी भाला घेतलेला गडी. २०१५ च्या त्या नियमांत तोल सांभाळायला एकच तरतूद होती. समोरच्याची मॉडेल तुमच्यापेक्षा एक तृतीयांशाने जास्त असतील, तर तुम्हाला झटपट विजयाची एखादी अट निवडता यायची: अमुक सरदार मारा, अमुक तुकडी कापा, सहा फेऱ्या टिका, शत्रूच्या हद्दीतली अमुक जागा पकडा. अटी चांगल्या होत्या. पण मोजायची फक्त डोकी, त्यामुळे तीन ड्रॅगन घेऊन आलेल्याला, समोर वीस गोब्लिन आहेत म्हणून, वर सवलत!

तेव्हा डोकी मोजू नका आणि घाईने भावही ठरवायला जाऊ नका. आधी मागचे दोन-तीन डाव आठवा आणि विचारा: निकाल नक्की कुठल्या फेरीत लागला? शेवटचा माणूस पडला ती फेरी धरू नका. हरणाऱ्याला करण्यासारखं काही उरलं नाही, ती फेरी धरा. दुखणं कुठलं आहे ते बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

सैन्य बदला, खुर्च्या बदला

सगळ्यात आधी हे, कारण यात खर्च काही नाही. तोच डाव, तेच टेबल, तीच मांडणी, फक्त भिडूंनी बाजू बदलायच्या. दोन्ही वेळा तोच माणूस जिंकला तर सैन्याला दोष देऊ नका. दोन्ही वेळा तेच सैन्य जिंकलं, तर पुढे वाचा. एकाच डावावरून काही ठरवू नका. फासे कधी कधी बदमाशी करतात.

माणसातच फरक असेल तर उपाय सोपा आहे, आणि तो टाळला जातो तो संकोचामुळे. गल्ली क्रिकेटमध्ये कच्च्या लिंबूला सवलत देताना कुणाला लाज वाटत नाही, तशीच नवख्याला दर फेरीत एक फासा परत टाकू द्या. चारचौघांत, डाव सुरू होण्याआधी, उघड सांगून. मधेच दया दाखवून मुद्दाम वाईट चाल खेळलेली समोरच्याला कळते, आणि ती जास्त झोंबते.

पहिल्या-दुसऱ्या फेरीतच संपतं

दोष जवळजवळ नेहमी पल्ल्याचा आणि मोकळ्या टेबलाचा. सहा बाय चार फुटांच्या टेबलावर दोघांनी आपापल्या कडेपासून १२ इंचांत सैन्य मांडलं, की मधे २४ इंच उरतात. २४ इंच पल्ल्याचे तिरंदाज पहिल्या फेरीपासून मारा करणार. ५ इंच चालणारं पायदळ तिसऱ्या फेरीची चाल संपवतं तेव्हा अजून ९ इंच लांब असतं. दोन फाशांची बेरीज येईल तेवढे इंच धाव घेऊन भिडायचं असेल तर ९ किंवा जास्त पडायची शक्यता ३६ मध्ये १०. म्हणजे बहुधा भिडायला चौथी फेरी उजाडते. तोवर वीस तिरंदाज, फाशावर ४ किंवा जास्त पडलं तर बाण लागतो, मग तसंच ४ वर जखम, गोब्लिनचा बचाव ६ वर, असा हिशोब धरला तर एका माऱ्यात सरासरी चार गोब्लिन पाडतात. तीन माऱ्यांत बारा गेले. गोब्लिनवाला इथेच डब्याचं झाकण उघडतो.

तिरंदाज कमी करायच्या आधी टेबल भरा. आमचा नियम असा: कुठूनही कुठेही बघा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अडथळ्याशिवाय १८ इंचांपेक्षा लांब सरळ नजर जाता कामा नये. थर्माकोलच्या टेकड्या, उपड्या वाट्या, पुस्तकांचे गठ्ठे, काहीही चालतं. तपासायचं मात्र गुडघ्यावर बसून, डोळा टेबलाच्या पातळीवर आणून. उभ्याने बघितलं की सगळं झाकल्यासारखं वाटतं. दुसरं, मांडणी एकदम करू नका. एक तुकडी मी, एक तुकडी तू. ज्याच्या तुकड्या जास्त, त्याच्या उरलेल्या शेवटी मांडल्या जातात आणि त्याला समोरचं सगळं बघून जागा निवडता येते. हा संख्येला मिळालेला छुपा फायदा आहे. तो नको असेल तर जास्त तुकड्यावाल्याने दर पाळीला दोन-दोन मांडाव्यात.

एकच मोठं जनावर सगळं खातं

ड्रॅगनच्या डावांचे दोनच प्रकार असतात. एक तर तो पहिल्याच फेरीत तोफेच्या तोंडी पडतो आणि त्याचा मालक तोंड पाडून बसतो, नाही तर तो मरतच नाही. त्याची ताकद कमी करत बसलात तर शेवटी मोठा घोडा उरतो, ड्रॅगन राहत नाही. त्यापेक्षा त्याला तिसऱ्या फेरीत, कुठल्याही कडेवरून येऊ द्या. अर्ध्या जखमा झाल्यावर त्याचे वार निम्मे करा. आणि जागा ताब्यात ठेवण्याचा हक्क त्याला देऊ नका. जागा कुणाची हे तिथल्या पायदळाची डोकी मोजून ठरवा. आमच्याकडे या शेवटच्या नियमानेच सगळ्यात जास्त फरक पडला. ड्रॅगन मारत सुटतो, गोब्लिन मरत मरत जागा धरून बसतात, आणि दोघांनाही वाटतं की आपणच जिंकतोय.

हळूहळू, पण हमखास

आता खरं किचकट दुखणं. डाव पाच-सहा फेऱ्या चालतो, रंगतो, पण जिंकतो तोच. इथे लोक संख्येकडे बोट दाखवतात आणि भाव ठरवायला बसतात: एक घोडेस्वार बरोबर किती गोब्लिन?

करून बघू. घोडेस्वार तीन जखमा झेलतो. त्याचे तीन वार, ३ वर लागतो, ३ वर जखम, चिलखताचा बचाव ३ वर. गोब्लिनला एक जखम, एक वार, ४ वर लागतो, ४ वर जखम, बचाव ६ वर. गोब्लिनचा एक वार चिलखतापार जायची शक्यता १/२ × १/२ × १/३, म्हणजे बारात एक. तीन जखमा करायला सरासरी ३६ वार लागतात. घोडेस्वार दर फेरीला ३ × २/३ × २/३ × ५/६, म्हणजे सुमारे १.११ गोब्लिन पाडतो. दोघं एकदमच वार करतात असं धरू.

मोकळ्या मैदानात सगळे गोब्लिन त्याला घेरू शकतात. नऊ असतील तर पहिल्या फेरीत ९ वार, मग सुमारे ८, मग ७, असं करत सहाव्या फेरीत ३६ चा आकडा पार होतो. आठ असतील तर सगळे मेले तरी बेरीज ३३ च्या आसपास अडकते. म्हणजे मैदानात एका घोडेस्वाराची किंमत नऊ गोब्लिन.

आता तोच घोडेस्वार दोन टेकड्यांमधल्या खिंडीत उभा करा, जिथे एका वेळी तीनच गोब्लिन पोचतात. दर फेरीला तीन वार, ३६ व्हायला बारा फेऱ्या, तेवढ्यात तेरा-चौदा गोब्लिन आडवे. आणि डाव तर सहाच फेऱ्यांचा! सहाव्या फेरीअखेर घोडेस्वाराला सरासरी दीड जखम झालेली, सहा-सात गोब्लिन गेलेले, खिंड अजून त्याच्याच ताब्यात. मागे रांगेत पंधरा उभे असोत की पन्नास, त्यांना वारच करायला मिळत नाही.

मग भाव काय लिहायचा, नऊ की पन्नास? आमच्यातल्या एका हौशी भियाने (इंदुरी 'भाऊ') एक्सेलमध्ये प्रत्येक मॉडेलचे पॉइंट काढायचा घाट घातला होता. शीट सुरेख झालं. पण त्यात टेकड्यांचा रकाना नव्हता आणि फेऱ्यांचाही नव्हता. छापील पॉइंटसुद्धा इथेच गडबडतात, फक्त ते छापलेले असल्यामुळे कुणी भांडत नाही.

नेमबाजांचं गणित याहून कडक. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने पहिल्या महायुद्धाच्या काळात दाखवलं की सगळे सगळ्यांवर मारा करू शकत असतील, तर बाजूची ताकद संख्येच्या वर्गाने वाढते. वीस तिरंदाज विरुद्ध तेवढेच तरबेज चौदा. ४०० मधून १९६ वजा, उरले २०४, वर्गमूळ चौदाच्या थोडं वर. म्हणजे चौदाच्या चौदा मेले तरी वीसवाल्याचे चौदा शिल्लक. "सहाच तर जास्त आहेत" म्हणणाऱ्याला हा आकडा ऐकवा. हातघाईत, त्यातही अरुंद जागेत, असं होत नाही, कारण मागच्यांना वाट बघावी लागते. त्यामुळे दोन्हीकडचे नेमबाज समान ठेवण्याबाबत हट्टी राहा. पायदळात थोडं उन्नीस-बीस झालं तर सोडून द्या.

एकाने वाटायचं, दुसऱ्याने उचलायचं

भाव ठरवता येत नाही, पण दोन ढीग समोर असले तर कुठला बरा हे प्रत्येकाला कळतं. हेच वापरायचं. दोघांची सगळी मॉडेल एकत्र करा. टेबलावरचे अडथळे आणि जिंकण्याची अट आधी ठरवा. हे आधी झालंच पाहिजे, नाहीतर वर बघितलेली खिंड नंतर उगवते आणि वाटणी फुकट जाते. मग एकजण सगळ्या मॉडेलचे दोन ढीग करतो आणि दुसरा त्यातला एक उचलतो. वाटणाऱ्याला आपोआप सरळ वागावं लागतं, कारण वाईट ढीग त्याच्याच गळ्यात पडणार.

मागे एकदा ड्रॅगनवाला वाटायला बसला. हात पोह्याने तेलकट, जिरावण (पोह्यावरचा मसाला) बोटांना लागलेलं, म्हणून आधी त्याला हात धुवायला पिटाळलं. रंगवलेल्या मॉडेलवर जिरावणाचे डाग पडले की जात नाहीत. मग त्याने एका ढिगात ड्रॅगन आणि चार घोडेस्वार ठेवले, दुसऱ्यात सगळे गोब्लिन आणि दहा तिरंदाज. थोडं थांबून एक घोडेस्वार उचलून पलीकडे सरकवला. पुन्हा थांबला, पुन्हा परत आणला. गोब्लिनवाला टेबलाभोवती फिरत होता. तिरंदाज ज्या टेकडीवर चढतील तिच्यामागे जाऊन गुडघ्यावर बसला, एक डोळा मिटला.

"भिया, तो घोडेस्वार इकडे दे, मग मी सांगतो."

"असं नसतं. मी वाटलं, तू उचल."

"बरं. मग ड्रॅगन माझा."

ड्रॅगनवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा गोब्लिन खेळवले. डाव शेवटच्या फेरीपर्यंत ताणला गेला.

ज्यांना आपलीच मॉडेल खेळवायची असतात त्यांना हा उपाय रुचत नाही. साहजिक आहे, इतके तास बसून रंगवलेलं असतं. त्यांनी बोली लावावी.

बोली

सैन्यं विषमच राहू द्या, तोल जिंकण्याच्या अटीत आणा. उदाहरण इथलंच घेतो. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला क्षिप्रेच्या काठी होळकरांची फौज आणि हिस्लॉप-माल्कम या इंग्रज सेनापतींची ईस्ट इंडिया कंपनीची फौज भिडली. होळकरांचं संख्याबळ जास्त आणि तोफखाना जबर. कंपनीच्या फौजेला त्या तोफांच्या माऱ्याखाली नदीचा उतार, म्हणजे पायी पार करता येणारी उथळ जागा, ओलांडायचा होता. तिने तो ओलांडला, आणि होळकर हरले. इंदूरात बसून हे लिहायला काही मजा येत नाही, पण डावासाठी याहून चांगला नकाशा सापडायचा नाही: मधे नदी, एकच उतार, पलीकडे तोफा.

तोफा काठ राखणाऱ्या बाजूला द्या, ओलांडणारे कुणीही असोत. दोघांनी टेबल नीट बघायचं आणि आपापल्या चिठ्ठीवर एकच आकडा लिहायचा: ओलांडणारी बाजू मला दिली, तर मी किती फेऱ्यांत पाच माणसं पलीकडच्या काठावर उभी करीन? चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. ज्याचा आकडा लहान, तो ओलांडणार, आणि तेवढ्याच फेऱ्यांत त्याने ते करून दाखवायचं. आकडा सारखा आला तर फासा टाका. कुणी बढाई मारून तीन लिहिलं तर ते त्याचं तो बघेल. पूल राखायचा असेल तर उलटं करा: जो जास्त फेऱ्या टिकण्याची बोली लावेल, त्याने बचाव करायचा.

बोलीची खरी गंमत चिठ्ठीत नसून तिच्या आधीच्या पाच मिनिटांत आहे. टेप घेऊन लोक इंच मोजतात, तोंडाने पुटपुटत फेऱ्या मोजतात. पॉइंटच्या डावात हे कुणी करत नाही. तिथे बेरीज जुळली की विषय संपतो.

डाव सुरू झाल्यावर कळलं तर

तिसऱ्या फेरीत लक्षात आलं की पारडं पार कलंडलंय, तर दोन गोष्टी करता येतात. हरणाऱ्याची मेलेली एक पायदळ तुकडी त्याच्या कडेवरून परत येऊ द्या, दर फेरीला फार तर एक. गोब्लिनांना हे शोभतं, सरदाराला किंवा राक्षसाला शोभत नाही, त्यांना परत आणू नका. किंवा तिथेच थांबून नवी अट घाला: उरलेल्यांपैकी कुणी एकजण पलीकडच्या कडेवरून निसटला तर डाव बरोबरीत. दोघांच्या संमतीनेच. एकाला पटत नसेल तर डाव गुंडाळा आणि चहा टाका.

तिसरा भिडू आला तर

हे वारंवार होतं, आणि वरचं सगळं दोघांना धरूनच लिहिलंय. तिघांच्या डावात दोन दुबळे मिळून बलवानाला खाली ओढतात, त्यामुळे सैन्याची विषमता बऱ्यापैकी आपोआप फिटते. पण मग जो गप्प बसून राहतो तोच शेवटी जिंकतो, हे नवं दुखणं सुरू होतं. त्यावर दर फेरीच्या शेवटी मधली जागा ज्याच्या ताब्यात त्याला एक गुण द्या, म्हणजे गप्प बसणं महाग पडतं. तेही नको असेल तर ड्रॅगन पहिल्या दोघांपैकी कुणालाच देऊ नका. तो टेबलाच्या मधोमध झोपलेला, आणि तिसऱ्या भिडूकडे फक्त तोच. दर फेरीच्या सुरुवातीला एक फासा टाकायचा, आणि त्याच्या ६ इंचांच्या आत जेवढ्या तुकड्या असतील तेवढा किंवा त्याहून कमी आकडा पडला की तो जागा होणार. जागा झाल्यावर त्याने जवळ असेल त्याच्यावरच जायचं, दोस्ती-दुश्मनी बघायची नाही. दोन तुकड्या सारख्याच अंतरावर असतील तर जिच्यात माणसं जास्त, तिच्यावर.